वहिनींची नजर

चिमटा घड्याळाच्या पोटात सापडला तेव्हा सगळ्या जणींनी टाळ्या वाजवल्या, आणि नेमकं त्याच वेळी वहिनींच्या मनात काहीतरी खट्कन निखळलं. चिमटा चांदीचा, साखर उचलायचा. वन्संच्या सासूबाईंच्या वेळचा, टोकांना पाखराचे पंजे कोरलेला. चहा ओतून झाला होता, पेल्यांवर वाफ होती, साखरेच्या भांड्याकडे हात नेता नेता वन्सं थबकल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, "अगबाई, चिमटा कुठे गेला?" मग दिवाणखान्यातल्या सगळ्या माना वहिनींकडे वळल्या, तशा त्या नेहमीच वळत. कर्नलसाहेबांच्या पत्नीने तर हातातलं बिस्कीट परत बशीत ठेवलं आणि हातमोजे सारखे केले. नाटकाचा पडदा वर जाताना माणसं सावरून बसतात तशी ती बसली. वहिनी उठल्या. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. मघाशी घड्याळाचे ठोके बसक्या आवाजात पडले होते, सर्दी झाल्यासारखे, एवढं त्यांच्या कानांनी आधीच टिपलं होतं. भिंतीशी उभ्या असलेल्या त्या पुरुषभर उंचीच्या घड्याळाचं खालचं दार त्यांनी वन्संच्या कमरेच्या जुडग्यातली किल्ली मागून घेऊन उघडलं, लंबकामागे हात घातला आणि चिमटा बाहेर काढला. टाळ्या पडल्या. "बाई बाई," वन्सं म्हणाल्या, "वहिनींपुढे भुतालासुद्धा लपता यायचं नाही." सगळ्या हसल्या. वहिनींना हसू आलं नाही. चिमटा मऊ निळ्या फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळलेला होता, कडा नीट आत मुडपून. त्या तुकड्याकडे बघत त्या उभ्या राहिल्या. चांदीवर ओरखडा पडू नये, याची काळजी चोराला कशाला?

त्या जागेवर येऊन बसल्या. चहा निवला होता, वर साय धरली होती. बँकवाल्यांची बायको कुणाच्या तरी ठरत आलेल्या लग्नाबद्दल बोलू लागली, चिमट्याने साखर पेल्यापेल्यात पडू लागली, आणि कुणी म्हणजे कुणीच विचारलं नाही की चिमटा तिथे ठेवला कोणी. शहरातल्या बड्या घरांमधून वहिनींचं नाव होतं ते याच प्रश्नासाठी. तशा त्या न्यायाधीशांच्या पत्नी, पण साहेब स्वतःच थट्टेने म्हणायचे, "माझ्यापुढे नुसते वकील भांडतात. खरा निकाल आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर लागतो." वन्संच्या वहिनी म्हणून सगळं गाव त्यांना वहिनी म्हणे, आणि घरात काही हरवलं, कुणाचं बिनसलं, कुणी रुसून बसलं, की पोलिसांच्या आधी वहिनींकडे गाडी येई. बँकवाल्यांच्या घरी एके काळी चमचे नाहीसे होत होते. स्वयंपाकिणीवर आळ आला होता, तिची पेटी अंगणात उपडी करायची तेवढी बाकी होती. वहिनींनी पाहिलं की घरातली म्हातारी आत्याबाई आपली उशी कुणाला झटकू देत नाही. चमचे उशीत निघाले. म्हातारी लहान मुलासारखी रडली. माझे आहेत, माझ्या लग्नातले आहेत, म्हणाली, आणि ते खरंच होतं. असं असायचं. प्रत्येक खऱ्या चोरीच्या शेवटी कुणीतरी रडतं, हे वहिनी अनुभवाने शिकल्या होत्या. चोर रडतो, नाहीतर ज्याचं गेलं तो, नाहीतर ज्याच्यावर उगीच आळ आला तो. पण या सबंध वर्षात कोण रडलं होतं? कर्नलच्या बायकोचा हस्तिदंती पंखा कुंडीत सापडला, मातीला लागू नये म्हणून मेणकापडात गुंडाळून पुरलेला. बँकवाल्यांच्या कुत्र्याचा चांदीचा पट्टा जिन्याच्या कठड्याखाली मिळाला, तोही कागदाच्या पुडीत. निनावी फुलांचे गुच्छ कोण पाठवतं ते शोधायला डॉक्टरांच्या बायकोने बोलावलं होतं, तर धागा सरळ तिच्याच माळ्यापर्यंत गेला आणि माळी लाजून हसला. कुणाची नोकरी गेली नाही, कुणाचं तोंड उतरलं नाही. मेणकापड, कागदाची पुडी, फ्लॅनेल. शहरातले चोर वर्षभर फारच जपून वागत होते.

वर्षभर. चिमीला, त्यांच्या लेकीला, जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. ती गेली ती याच घरात, याच दिवाणखान्याच्या वरच्या खोलीत, आणि वहिनी तेव्हापासून इथे कितीदा चहाला आल्या असतील, पण जिन्याच्या पहिल्या पायरीच्या पुढे त्यांचं पाऊल पडलं नव्हतं. चिमी आत्याकडे हवापालटाला आली होती. नदीपलीकडे, देवदारांच्या गर्दीत घर, इथली हवा कोरडी. वहिनी तेव्हा आपल्या बहिणीकडे, दूर दुसऱ्या शहरात होत्या. तार आली तेव्हा मुलीला ताप आहे एवढंच त्यात होतं, आणि आगगाडीतून उतरल्या तेव्हा सगळं उरकलेलं होतं. साथीचा ताप, डॉक्टर म्हणाले, फार झपाट्याने गेली, त्रास झाला नाही. हे बोलताना ते आपल्या बॅगेचा पट्टा आवळत होते आणि पट्टा आवळून झाल्यावरही आवळत होते. साहेब दारात उभे होते, दाढीची खुंटं वाढलेली. दोन दिवसांच्या तापात एवढी वाढत नाही. वन्संच्या हातांना कार्बोलिक साबणाचा वास होता, कातडी फाटून पांढरी पडलेली, किती तरी दिवस धुणं धुतल्यासारखी. हे सगळं वहिनींनी पाहिलं होतं. दुसऱ्या कुणाच्या घरी असतं तर यातल्या एकाच गोष्टीवर त्या अडून बसल्या असत्या. इथे त्यांनी पाहिलं आणि ओलांडलं, वाटेत मरून पडलेलं पाखरू झगा सावरून ओलांडावं तसं. मग त्या घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून निजल्या. किती दिवस, त्यांना सांगता आलं नसतं. भिंतीवरच्या कागदावर फिकट वेलबुट्टी होती आणि एका ठिकाणी जोडणाऱ्याने पान पानाला नीट जुळवलं नव्हतं; त्या अर्ध्या पानाकडे त्या बघत असत. एका सकाळी वन्सं आल्या, रडकुंडीला आलेल्या, कानातला लोलक हरवला म्हणून. तो खरंच हरवला होता. वहिनी पडल्या पडल्या म्हणाल्या, "काल शाल कुठली घेतली होती?" आणि मग, शालीच्या लोकरीत लोलक अडकलेला मिळाल्यावर, त्या उठल्या, आणि फणी मागितली. दारात साहेब उभे होते. फणी त्यांनीच आणून हातात दिली. तेव्हापासून गावात वस्तू हरवायला लागल्या. आता कळत होतं. सगळं कसं सरळ होतं, आंधळ्यालाही दिसलं असतं.

समोर कुणीतरी वहिनींना केक देत होतं. त्यांनी घेतला, मांडीवर बशी ठेवली. या गोष्टीचा राग यायला हवा, असं त्यांना वाटलं, आणि रागाऐवजी एक जुनीच गोष्ट मनात वर आली, कारण चिमीचा विचार एकदा सुरू झाला की त्याची वाट शेवटी तिथेच जाई. चिमी प्रेमात पडली होती. हे वहिनींनी कुणी न सांगता ओळखलं होतं आणि ते त्यांचं सगळ्यांत लाडकं, कुणापाशी न मिरवलेलं यश होतं. शेवटच्या वर्षात पोरीचे गाल संध्याकाळी रंग चढल्यासारखे लाल होत. डोळ्यांत चमक आली होती, झोप उडाली होती, जेवणात लक्ष नव्हतं. रुमाल लपवायची, खोलीला आतून कडी लावायची. जिना चढताना मधल्या खिडकीशी थांबून बाहेर बघत राहायची. त्या खिडकीतून फाटक दिसे, आणि त्या फाटकातून व्हायोलिन शिकवणारे मास्तर येत. उंच, वाळका, बोलायचं म्हटलं की कानापर्यंत लाल होणारा माणूस. घराण्याला शोभेल असा नव्हे. पण वहिनींनी मनातल्या मनात साहेबांशी वाद घालून त्यालाही होकार मिळवून ठेवला होता. शिकवणी चालू असली की त्या बाहेरच्या बोळात शिवण घेऊन बसत आणि आत दोन व्हायोलिनं वाजत, मधेच एक थांबे, दुसरं जोरात वाजू लागे, आणि वहिनी सुई टोचता टोचता स्वतःशी हसत. एकदा न राहवून त्या चिमीला म्हणाल्या होत्या, "मला सगळं कळतं हं. तुला सांगावंसं वाटेल तेव्हा सांग." चिमीने क्षणभर त्यांच्याकडे अशा काही घाबऱ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि मग हळूहळू तिचा चेहरा सैल झाला, आणि ती इतकं गोड हसली की वहिनींना तिला जवळ घ्यावंसं वाटलं. चिमी मागे सरली होती. लाजली, असं वहिनींना वाटलं. ती गेल्यावर त्यांनी मास्तरांना बोलावून तिची हस्तिदंती फणी त्यांच्या हातात ठेवली होती. मास्तर कानापर्यंत लाल झाले आणि फणी घेऊन गेले. खूण पटली, असं वहिनींना तेव्हा वाटलं होतं.

एकेक गाडी दारातून गेली. कर्नलच्या बायकोने निघताना वहिनींचा हात दाबून धरला, जरा जास्तच वेळ, आणि म्हणाली, "पुढच्या आठवड्यात आमच्याकडे. येणार ना?" म्हणजे पुढची पाळी हिची, वहिनींच्या मनात आलं, काय हरवणार आहे बिचारी? "येईन," त्या म्हणाल्या. मोलकरीण पेले गोळा करून गेली. दिवाणखान्यात दोघीच उरल्या, आणि घड्याळ आता मोकळ्या गळ्याने टिकटिकत होतं.

"वन्सं, या घड्याळाला किल्ली कोण देतं?"

"मीच देते. ह्यांच्यामागे दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही मी त्याला."

"हं. मग चिमटा तुम्हीच ठेवलात."

वन्सं फ्लॅनेलचा तुकडा बोटांभोवती गुंडाळत होत्या. बुटक्या, गोल, लाकडाच्या व्यापाऱ्याच्या विधवा. खोटं बोलायला लागल्या की मान खाली घालायच्या, लहानपणापासूनची खोड. आता त्यांनी मान खाली घातली नाही. त्या दमलेल्या दिसत होत्या.

"मी दादाला म्हटलं होतं, वहिनींना कळेल," त्या म्हणाल्या. "पंख्याच्या वेळीच कळेल, म्हटलं. तो म्हणाला, कळलं तर कळलं. तोवर तिला काहीतरी शोधायला देत राहा."

"मला खेळणी दिलीत."

"वहिनी, तुम्ही जेवायला लागला होता. आम्हाला काय हो सुचणार दुसरं? सगळ्याच तयार झाल्या, कुणाला सांगावं नाही लागलं दोनदा. कर्नलच्या बायकोने तर पंखा पुरताना स्वतः माती उकरली, नखं भरली तिची." त्या हसायला गेल्या आणि ते जमलं नाही. "आणि दादा म्हणाला, काही शोधायला दिलं नाही तर ती तेच शोधायला लागेल."

"तेच म्हणजे?"

वन्संनी फ्लॅनेल बोटांवरून सोडवलं. वहिनी खुर्चीत जराही हलल्या नाहीत. अशा वेळी त्यांना ठाऊक असे की आपण नुसतं थांबायचं, माणूस बोलतो. पण आज त्या थांबल्या होत्या त्या ऐकायचं नव्हतं म्हणून. मेलेलं पाखरू त्यांनी ओलांडलं होतं, वर्षभर मागे वळून पाहिलं नव्हतं, आणि ते तिथेच होतं.

"ताप नव्हता," त्या स्वतःच म्हणाल्या.

"नव्हता."

"छाती."

वन्संनी मान हलवली. "वर्षभर आधीपासून. डॉक्टरांनी दादाला सांगितलं, तेव्हाच सांगितलं की फार उशीर झालाय. तुम्हाला सांगायला तो उठलाच होता. तिने त्याचे पाय धरले, वहिनी. खरंच पाय धरले. आईला सांगू नका म्हणाली."

"का?"

"नका विचारू."

"वन्सं, का?"

वन्संनी फ्लॅनेल मांडीवर पसरलं, हाताने साफ केलं, परत घडी घातली. "म्हणाली, आईला एकदा कळलं की ती बघत राहील. आत्या, तिचं बघणं तुला ठाऊक आहे. माझं जेवण बघेल, श्वास बघेल, रोज किती बारीक झाले ते बघेल, आणि तिला सगळं कळेल, माझ्या आधी कळेल. मला मरायची भीती नाही वाटत तेवढी त्याची वाटते, म्हणाली." आता सुरू झाल्यावर थांबणं त्यांच्या हातात राहिलं नव्हतं. "आणि म्हणाली, सध्या आईला वाटतंय की मी प्रेमात पडलेय. इतकी खूश आहे ती. माझ्याकडे अशी बघते ना, की मलाही वाटतं, असेन मी पडलेली. तसंच राहू दे. तेवढं एक माणूस तरी मला तसं बघतंय."

बाहेर मोलकरणीच्या हातून एक बशी निसटली, फुटली नाही, फरशीवर गरगर फिरत राहिली आणि मग निजली.

"आणि मास्तर?" वहिनींनी विचारलं. आपला आवाज त्यांना दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

"त्यांना माहीत होतं. तिला खोकल्याची उबळ आली की ते एकटेच जोरात वाजवायचे. तुम्ही बाहेर बसलेल्या असायचात ना."

"तसं काही नव्हतं मग त्यांच्यात?"

"नव्हतं हो." वन्संनी डोळे पुसले. "असतं तर बरं झालं असतं, नाही?"

वहिनी उठल्या. वन्सं मागोमाग उठल्या, पण वहिनींनी हाताने त्यांना बसवलं आणि एकट्या जिना चढून गेल्या. खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत एक लोखंडी पलंग, त्यावर गादी नाही. पडदे नाहीत, गालिचा नाही, सगळं जाळलेलं असणार. भिंती नव्याने चुन्याने पांढऱ्या केलेल्या. शोधण्यासारखं तिथे काही ठेवलेलंच नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही खोलीत वहिनींचा हात आपोआप खिडकीच्या कडेवरून फिरला असता, डोळे कोपऱ्यांत गेले असते. इथे त्या पलंगाच्या पट्ट्यांवर बसल्या आणि डोळे मिटून घेतले. लाल गाल. चमकणारे डोळे. जिन्याच्या मधोमध दम घ्यायला थांबलेली पोर, आणि खालून तिच्याकडे कौतुकाने बघणारी तिची आई. सगळं समोर होतं, एकही खूण लपवलेली नव्हती, रुमाल सोडले तर. म्हातारीच्या उशीतले चमचे ज्यांना दिसले त्यांना हे दिसलं नाही. की दिसायचं नव्हतं म्हणून दिसलं नाही? आणि दिसलं असतं तर? चिमी म्हणाली ते खरंच होतं. त्या बघत राहिल्या असत्या. पापणी न लवता, अहोरात्र, घारीसारख्या. तिच्या ताटातले घास मोजले असते, आणि त्या बघण्याखाली पोर गुदमरली असती. चुकल्या म्हणूनच त्यांनी तिला काहीतरी दिलं होतं. हे समाधान होतं की शिक्षा, वहिनींना ठरवता येईना. मग त्या मोठ्याने रडल्या. खाली दिवाणखान्यात वन्संना ऐकू गेलं असणार, पण त्या वर आल्या नाहीत, आणि त्याबद्दल वहिनींना पुढे आयुष्यभर त्यांचे उपकार वाटले.

दिवेलागणीला साहेब गाडी घेऊन न्यायला आले. वन्संनी बहुधा दारातच त्यांना काही सांगितलं असावं, कारण ते आत आलेच नाहीत, गाडीपाशी टोपी हातात धरून उभे राहिले. वहिनी गाडीत बसल्या, ते शेजारी बसले, गाडीवानाने दार लावलं. गाडी नदीवरच्या पुलावर आली. पाण्यावर धुकं उतरलं होतं आणि पलीकडच्या काठावर माणूस शिडी घेऊन एकेक गॅसबत्ती पेटवत चालला होता. शेजारच्या श्वासावरून वहिनींना कळत होतं की ते बोलायला तोंड उघडतात आणि मिटतात. मान वळवली असती तर एका दृष्टिक्षेपात सगळं कळलं असतं: जबडा, कपाळ, टोपीच्या काठावर फिरणारी बोटं. एवढ्या वर्षांत त्यांनी नवऱ्याला कधी काही विचारलंच नव्हतं, असं त्यांच्या ध्यानात आलं. कचेरीतून आले की त्या बघत आणि म्हणत, आज निकाल मनाविरुद्ध द्यावा लागला वाटतं. आणि ते म्हणत, हो. बोलायचं काही उरतच नसे. वर्षभर आधी, आणि त्यानंतर हे सबंध वर्ष, हा माणूस एवढं पोटात घेऊन त्यांच्यासमोर जेवत होता, आणि आपण त्याच्या चेहऱ्यात काय वाचत होतो? दमलाय, असं. म्हातारा होतोय, असं.

त्यांनी मान वळवली नाही. खिडकीच्या काचेकडे, काचेपलीकडच्या धुक्याकडे तोंड ठेवून त्या म्हणाल्या, "वन्संनी सांगितलं मला."

"हो."

"आता तुम्ही सांगा."

"काय सांगू?" साहेब म्हणाले. "तुला सगळं कळलंच असेल आता."

"नाही कळलं. मला काहीच ठाऊक नाही." त्यांनी हात मागे नेला, न बघता, आणि तो साहेबांच्या बाहीवर जाऊन पडला. "काय खायची ती? काय बोलायची तुमच्याशी? मी बघत नाही तुमच्याकडे. सांगा."

मग साहेबांनी घसा साफ केला, न्यायासनावर करतात तसा, आणि तो आवाज मधेच कुठेतरी हरवला. "तिला गार दूध लागायचं," ते म्हणाले. "गरम चालायचं नाही. मी ते खिडकीत ठेवायचो. आणि मला म्हणायची, बाबा, तुम्हाला गोष्ट सांगता येत नाही, तुम्ही सगळ्याची साक्ष देता." ते हसले की काय झालं, वहिनींना कळलं नाही, त्यांनी पाहिलं नाही. हाताखालची बाही हलत होती. ते बोलत राहिले, मागचं पुढे, पुढचं मागे, कधी न बोलणारा माणूस बोलतो तसे, आणि गाडी पूल ओलांडून दिव्यांच्या रस्त्याला लागली, वळली, आपल्या घराचं फाटक दिसू लागलं. गाडीवानाने लगाम आखडला. वहिनींनी काच खाली केली आणि हलक्या आवाजात त्याला सांगितलं, "थांबू नकोस. पुढे घे, अजून एक फेरी मारून ये."